गोगलगायींची एकादशी

दशमीच्या संध्याकाळी नलिनीची दोन कामं ठरलेली असायची. घरी साबुदाणा भिजत घालायचा, आणि त्याआधी प्रयोगशाळेत जाऊन परवा लागणाऱ्या गोगलगायी काचेच्या टाकीतून वेचून वेगळ्या डब्यात ठेवायच्या. डब्याच्या तळाला ओलं फडकं, झाकणाला भोकं, आत खायला काही नाही. पोट भरलेल्या गोगलगायीला वासाचं फारसं अप्रूप नसतं, म्हणून प्रयोगाच्या आदल्या रात्री तिला उपाशी ठेवायचं, असा तिथला रिवाज होता.

एरवी हा डबा ती आदल्या संध्याकाळी भरायची. रविवारीसुद्धा देवळातून परतताना आत डोकावून सोमवारचा डबा भरून यायची. एकादशीला मात्र नाही. एकादशीला जिवाला हात लावायचा नाही. कापायचं तर नाहीच, पण उद्या कोणाची पाळी हेही आपल्या हातानं निवडायचं नाही, असा तिचा नेम होता. ते काम बंडूजींना सांगता आलं असतं. बंडूजी तिथले मदतनीस, टाक्या धुवायचे, काकडी-कोबी टाकायचे. पण आपल्या वाटचं पाप दुसऱ्याच्या हातानं करून घेणं तिला पटेना. म्हणून द्वादशीचा डबा दशमीलाच भरून व्हायचा.

हा नेम तिला कोणी घालून दिलेला नव्हता. आर्वीची ही मुलगी नागपूरला शिकली, डॉक्टरेट झाली, आणि अंकुशशी लग्न होऊन नालवाडीत आली. नालवाडीच्या टोकाला, जिथे घरं संपून शेतं लागतात, तिथे एका ट्रस्टची लहानशी संशोधन संस्था होती. तिथे डॉ. सदाशिवराव भोयर यांच्या हाताखाली तिला संशोधकाची जागा मिळाली. सदाशिवराव मूळचे तळेगावचे. मुंबईत आणि काही वर्षं जर्मनीत काढून, एक जुना सूक्ष्मदर्शक आणि दोन खोकी भरून सामान घेऊन परत आलेले. देवाधर्माशी त्यांचा संबंध लग्नपत्रिकेपुरता. माणूस मात्र असा, की दुसऱ्याच्या श्रद्धेला कधी धक्का लावायचा नाही.

खोली दिवसाही काळोखी ठेवावी लागायची. सूक्ष्मदर्शकाचं टेबल ट्रॅक्टरच्या चार ट्यूबांवर तरंगत ठेवलेलं, कारण रस्त्यावरून कापसाचा ट्रक गेला तरी त्याची थरथर आत पोचायची. दिवा ट्रकच्या बॅटरीवर. विजेवरचा दिवा थरथरतो, ती थरथर माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, पण यंत्राला दिसते. शिवाय लोडशेडिंग होतंच. बॅटऱ्या अंकुश आपल्या मोटारपंपाच्या दुकानात चार्ज करून द्यायचा आणि वर म्हणायचा, "मेंदू गोगलगायीचा, बुद्धी नलूची, पण करंट आपला!"

काम सांगायला सोपं आणि करायला किचकट. गोगलगाय बर्फात बधिर करायची. तिचा तिळाएवढा मेंदू अलगद काढायचा, ताटलीत टाचायचा आणि एका खास रंगात भिजवायचा. पेशीतून विजेचा ठोका गेला, की हा रंग हजारातल्या एखाद्या भागानं उजळतो किंवा मंदावतो. तेवढा फरक टिपायला सूक्ष्मदर्शकाच्या माथ्यावर प्रकाशाला जागे असणारे बारीक बारीक डोळे एका चौकटीत बसवलेले. त्यांनी टिपलेलं कॉम्प्युटर मोठं करून पडद्यावर दाखवायचा. मग दिसायचं, की मेंदूचा जो भाग वास ओळखतो, त्यावरून एक लाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते आहे. गेली की पुन्हा येते. शरीर नाही, कवच नाही, तरी ताटलीतला तो तीळ चार-पाच तास आपली लाट चालवत राहायचा. नळीतून काकडीचा वास सोडला, की लाट मोडायची आणि दोन्ही टोकं एकदम उजळायची. कोणती पेशी कोणाशी जोडलेली, लाट कोणत्या वाटेनं जाते, वास ती वाट कशी बदलतो, हे शोधायचं, एवढंच त्यांचं काम.

पहिल्यांदा लाट दिसली तेव्हा नलिनीनं हात जोडले होते. अंधारात कोणाला दिसलं नाही.

घरी मात्र सगळं दिसतं. सासू अनुसयाबाई गळ्यात माळ घातलेल्या. लग्नानंतर काही दिवसांनी त्यांनी सहज विचारलं, "काय करते वं तू तिथं दिवसभर?"

"गोगलगायीचा मेंदू पाहते, आई."

"पाह्यते म्हणजे? ती काय काढून दाखवून राह्यली तुले?"

नलिनीला खोटं बोलणं जमत नसे. "आम्हालाच काढावा लागतो," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी नलिनी समईकडे गेली, तेव्हा वातींचा डबा अनुसयाबाईंनी आधीच आपल्या मांडीजवळ ओढून घेतलेला होता. "भांडण नाई माहं तुह्याशी," त्या हळूच म्हणाल्या. "नोकरी कर. पण ज्या हातानं जीव घेतला त्या हातानं दिवा नको लावू. देवघर मी पाहीन."

लहानपणापासून संध्याकाळचा दिवा नलिनीनं एकदाही चुकवला नव्हता. आर्वीच्या घरी कोणी आजारी असो, पाहुणे असोत, परीक्षा असो, दिवा तिचाच. आता देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसून ती स्तोत्र म्हणायची आणि आत सासूच्या हातची वात पेटताना पाहायची. तक्रार तिनं केली नाही, कारण सासूचं म्हणणं तिला खोटं वाटत नव्हतं. त्याच दिवसांत तिनं एकादशीचा तो नेम धरला. निदान एवढा एक दिवस हात स्वच्छ.

अशी काही वर्षं गेली. २००२च्या पावसाळ्यानंतर सदाशिवरावांना वाटलं, वासाला मिळणारं उत्तर ऋतूप्रमाणे बदलतं का ते पाहावं. त्यांनी नलिनीला सगळी मोजमापं तारखेच्या क्रमानं मांडायला सांगितली. ऋतूचं काही दिसलं नाही. पण आलेखात महिन्यातून दोनदा एक उसळी होती. त्या दिवशी काकडीचा वास सोडल्याबरोबर लाट लवकर मोडायची, टोकं जास्त उजळायची. नलिनी बराच वेळ त्या उसळ्यांकडे पाहत राहिली. तारखा तिच्या ओळखीच्या होत्या.

"सर," ती म्हणाली, "या सगळ्या द्वादश्या आहेत."

सदाशिवराव खुर्चीतून उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी एकेक तारीख बोटानं पाहिली. मग वळून म्हणाले, "चंद्र!" त्यांचा आवाज पोराटोरासारखा झाला होता. "नलिनी, ओलाव्यावर जगणारा जीव आहे हा. कोण्या जन्मी समुद्रात होता. भरती-ओहोटीचं काहीतरी याच्या मेंदूत अजून शिल्लक आहे!"

त्यांनी शोधनिबंध लिहायला घेतला. एकादशी, द्वादशी हे शब्द त्यांनी त्यात येऊ दिले नाहीत. चांद्र पक्षाचा बारावा दिवस, असं लिहिलं. अकराव्या दिवशी मोजमापं का नाहीत, या ठिकाणी 'त्या दिवशी प्रयोग केले नाहीत' एवढंच. नलिनी त्या दिवशी कापत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी ती आणखी काय करत नाही, हे त्यांनी विचारलं नव्हतं. श्रद्धेची गोष्ट, आपण कशाला विचारा.

काही उसळ्या एक दिवस उशिरा आलेल्या होत्या. त्याबद्दल ते म्हणाले, "गोगलगाय म्हणजे घड्याळ नव्हे. एक दिवस इकडेतिकडे चालायचंच."

नलिनीनं ही गोष्ट घरी सांगितली, तेव्हा तिला वाटलं होतं सासू हसेल. अनुसयाबाई हसल्या नाहीत. हातातलं सूप त्यांनी खाली ठेवलं. "म्हणजे एकादशी त्या मुक्या जीवालेही समजते?"

"द्वादशीला त्यांच्यात फरक पडतो, एवढं दिसतं, आई."

"तेच तं म्हणून राह्यली मी. एकादशी धरल्याशिवाय द्वादशीले कायचा फरक पडन?"

त्या संध्याकाळी वातींचा डबा अनुसयाबाईंनी नलिनीच्या पुढे सरकवला. "लाव," म्हणाल्या. "देवानं तुह्याच हातानं दाखवलं म्हणजे त्याले तुहा हात चालते." नलिनीनं वात पेटवली. डोळ्यांत आलेलं पाणी तिनं धुरावर घातलं.

मारुतीच्या देवळात भजनाच्या बायकांना अनुसयाबाईंनी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली, की 'गोगलगायींची एकादशी' असं तिला नावच पडलं. शेजारच्या शोभाबाई जिभेच्या तिखट. त्यांचं मेन रोडवर कापडाचं दुकान. त्या म्हणाल्या, "मंग फराळाले काय देता वं त्यायले? साबुदाणा चालते, का भगर टाकता?" सगळ्या हसल्या. अनुसयाबाईही हसल्या, पण मान ताठ ठेवून.

निबंध परदेशी पाठवला गेला. फेब्रुवारीत बंगलोरला शास्त्रज्ञांची परिषद होती, तिथे सदाशिवराव व्याख्यान देणार, नलिनी सोबत जाणार, असं ठरलं. अंकुशनं तिकिटंही काढून आणली.

मार्गशीर्षातली गोष्ट. नलिनी सकाळी घाईनं भरीत करत होती. वांगी भाजून सोललेली, कांद्याची पात चिरायला घेतलेली. शोभाबाई मागच्या दारानं आल्या आणि उंबऱ्यातच नाक धरून उभ्या राहिल्या.

"अनुसयाबाई! आज एकादशी अन् तुमच्या घरी भरीत? माळ काढून ठेवली काय गळ्यातली?"

"आमची उद्या हाये," आतून अनुसयाबाई म्हणाल्या.

"कॅलेंडरात तं आज लिवली हाय."

"नीट पाह्य. आज स्मार्त लिवली, उद्या भागवत. आमी माळकरी, आमाले दशमीचा वेध लागलेली चालत नाई. आमची भागवत."

"आमचे मालक म्हणते, एकादशी म्हणजे एकादशी. दोन दोन दिवस कायले?" शोभाबाई पाट ओढून बसल्या. "चंद्र तं एकच हाये ना वं? तो काय आमच्या घरी आज येते अन् तुमच्या घरी उद्या?"

"चंद्राले काय करतं? पंचांगवाल्याले विचार."

"मी तं गोगलगायीलेच विचारतो. काय वं नलू? तुह्या गोगलगायी कोणती धरते, स्मार्त का भागवत?"

शोभाबाई आपल्याच विनोदावर हसल्या. नलिनीही हसायला गेली, आणि विळीवर पात धरलेला तिचा हात तसाच राहिला.

आर्वीला माहेरी एकादशी स्मार्त असायची. लग्नानंतर ती भागवत करू लागली. ज्या पक्षात दोन येतात तो पक्ष तिला आठवणीत राहायचा, कारण तेव्हा माहेरचा उपास आज आणि सासरचा उद्या. चैत्रात धाकट्या बहिणीच्या, मोहिनीच्या घरी वास्तुशांत होती, तेव्हा मोहिनी उपाशी आणि आपण जेवलो, यावरून थट्टा झाली होती. त्या पक्षातली उसळी एक दिवस उशिरा होती. भाद्रपदातही तसंच. एक दिवस उशिरा आलेल्या सगळ्या उसळ्या तिच्या डोळ्यांसमोर एकामागून एक उभ्या राहिल्या, आणि प्रत्येकीच्या शेजारी दोन एकादश्या होत्या.

चंद्र तर एकच. मग माळकऱ्यांचं घर कोणतं, हे त्याला कसं कळतं?

भरीत करून, डबे भरून ती कामावर गेली. दिवसभर मोजमापं घेतली. संध्याकाळी नेहमीप्रमाणे टाकीपाशी येऊन परवाच्या गोगलगायी वेचल्या, डब्यात ठेवल्या, झाकण लावलं. हात झाकणावरच राहिला. आपल्या घरातलं असं काय आहे, जे नेमकं त्या दिवशी या टाकीपर्यंत येतं? दुसरं काही येत नव्हतं. तिचा हात तेवढा यायचा, आणि एकादशीला तो यायचा नाही. उद्या या डब्याला कोणी हात लावणार नव्हतं. काकडीची फोड आत पडणार नव्हती. ती आज रात्री नाही, उद्या दिवसा नाही, उद्या रात्रीही नाही.

घरी येऊन तिनं साबुदाणा भिजत घातला. दिवा लावला. त्या दिवशी देवाकडे काही मागितलं नाही. काय मागावं हेच कळेना.

मनात आलेलं खरं की खोटं, ते पाहण्याची रीत तिला ठाऊक होती. पुढच्या पक्षात, एकादशीपासून दूर अशा साध्या सप्तमी-अष्टमीला तिनं दोन डबे केले. एक एका रात्रीचा, एक दोन रात्रींचा. डब्यांवरच्या चिठ्ठ्या बंडूजींना अदलाबदल करायला सांगितल्या, म्हणजे कापताना कोणता कोणता हे आपल्याला कळायला नको.

"मॅडम, लपाछपी खेळून राह्यल्या काय?" बंडूजी म्हणाले.

"तसंच समजा."

मोजमापं झाल्यावर बंडूजींनी खरं काय ते सांगितलं. जिथे टोकं जास्त उजळली होती, तो डबा दोन रात्रींचा निघाला. महिनाभर ती वेगवेगळ्या तिथींना हेच करत राहिली. चंद्र वाढता असो, घटता असो. दोन रात्री उपाशी राहिलेली गोगलगाय प्रत्येक वेळी द्वादशीसारखीच वागली.

बंगलोरला जायला थोडे दिवस राहिले होते. सदाशिवराव खिडकीच्या उजेडात प्रोजेक्टरवर दाखवायची एकेक पारदर्शिका धरून पाहत होते. पहिलीवर त्यांनी हौसेनं चंद्रकोर काढली होती. नलिनी समोर उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं, डब्यापासून चिठ्ठ्यांपर्यंत. सदाशिवरावांनी मधे एकदाच विचारलं, "किती दिवस झाले हे करताय?"

"महिना झाला, सर."

"मला न सांगता?"

"खात्री झाल्याशिवाय कसं सांगणार?"

त्यांनी पारदर्शिका खाली ठेवली. चष्मा पुसला. पुन्हा पुसला. बाहेर बंडूजी टाकी धूत होते, तिचं पाणी नालीत जाण्याचा आवाज येत होता.

"एकादशीला तुम्ही काय करता हे मी कधी विचारलं नाही," ते म्हणाले. "म्हटलं, श्रद्धेचा भाग आहे. विचारायला पाहिजे होतं."

"मी सांगायला पाहिजे होतं. मला ते कामाचं वाटलंच नाही, सर. तो माझा नेम होता."

"हं." ते थोडं हसले, पण ते हसू टिकलं नाही. "जन्मभर मी देवाला मानलं नाही, नलिनी. अन् चंद्राला पाहा, एका दुपारी मानून मोकळा झालो." मग आवाज कोरडा करून म्हणाले, "निबंध परत मागवतो. बंगलोरला कळवतो. तिकिटं रद्द करायला सांगा तुमच्या मिस्टरांना."

ती दारापर्यंत गेली तेव्हा त्यांनी हाक मारली. "भुकेनं लाट बदलते, हे तर उरलंच ना?"

"ते लोकांनी आधी दाखवलेलं आहे, सर."

"बदलते हे दाखवलंय. कोणत्या वाटेनं, ते नाही दाखवलं. बसा जरा."

ती बसली. संध्याकाळ होईपर्यंत दोघं त्या वाटेबद्दल बोलत राहिले. कोणत्या टोकाकडून लाट आधी मोडते, कोणत्या पेशी तोडून पाहता येतील, वगैरे. दोघांच्याही आवाजात जोर नव्हता, पण काम पुढे सरकत होतं.

राहिलं घर. अंकुशला तिनं रात्री जेवताना सांगितलं. तो म्हणाला, "आईले नको सांगू. म्हातारीचं काय बिघडून राह्यलं? ती खूश हाये, तुहा दिवा सुरू हाये."

त्याचं म्हणणं सोयीचं होतं. दुसऱ्या संध्याकाळी नलिनीनं दिवा लावला, हात जोडले, आणि स्तोत्राच्या मधेच थांबली. हा दिवा तिला ज्या गोष्टीसाठी मिळाला होता, ती गोष्ट आता नव्हती. तिनं स्तोत्र पुरं केलं आणि अंगणात आली. अनुसयाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

"आई, गोगलगायीला एकादशी कळत नाही."

"कोण म्हणते?"

"मीच म्हणते. एकादशीला मी त्यांना हात लावत नव्हते. डबा आदल्या दिवशीच भरून ठेवायची. त्यात खायला काही नसायचं. बाकीच्यांना एक रात्र उपास घडायचा, त्यांना दोन. भुकेनं तसं व्हायचं. एकादशीनं नाही."

अनुसयाबाईंनी हातातली शेंग सुपात टाकली. "म्हणजे नेम तुहा, अन् उपाशी त्या?"

"हो."

"अन् द्वादशीले काय करत होती त्यायचं?"

"द्वादशीला कापायची."

"पारणं न होऊ देता?"

इतक्या दिवसांत नलिनीच्या मनात सगळं आलं होतं, निबंध, बंगलोर, दिवा. हे आलं नव्हतं.

"आपल्या घरून द्वादशीले कोणी उपाशी गेलं नाई, नलू," अनुसयाबाई म्हणाल्या. "दारी आलेलं कुत्रंही नाई." त्या उठल्या. शेंगांचं सूप तिथेच राहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वातींचा डबा पुन्हा त्यांच्या मांडीजवळ होता, आणि नलिनी उंबऱ्याबाहेर.

देवळात शोभाबाईंनी नेहमीचा विषय काढला, तेव्हा नलिनी मागच्या रांगेत बसलेली होती. तिनं खाली मान घातली. अनुसयाबाईंनी टाळ खाली ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ते खोटं निघालं. एकादशी माह्या सुनेची होती, गोगलगायीची नव्हती. तिनंच शोधलं अन् तिनंच सांगतलं."

"अगोबाई!" शोभाबाई म्हणाल्या. भजन सुरू झालं.

पुढची दशमी आली. नलिनीनं साबुदाणा भिजत घातला. प्रयोगशाळेत जाऊन टाकीतल्या सगळ्यांना काकडी टाकली आणि डबा न भरता घरी आली. एकादशीला तिनं दिवसभर आलेखांचं काम केलं, आणि घरी येऊन हातपाय धुतले. ऊन उतरल्यावर ती पुन्हा चपला घालायला लागली. अनुसयाबाई ओसरीवर माळ ओढत होत्या.

"आता कुठं?"

"प्रयोगशाळेत. उद्याचा डबा भरायचा आहे."

"आज? आज तं तू हात लावत नाई."

"आजच भरायचा आता. दशमीला भरला तर त्यांना दोन रात्री होतात."

माळ थांबली. "म्हणजे नेम मोडते तुहा."

"हो, आई." चपला पायात सरकवत ती म्हणाली, "कापणं द्वादशीलाच. पण निवडणं आज. ते मला टाळता येईल असं वाटलं होतं."

अनुसयाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग विचारलं, "दिवसभर तं खाल्लं ना आज त्यायनं?"

"खाल्लं. मघाशी निघताना बंडूजींनी सांगितलं."

"मंग जाय." माळेचा मणी पुढे सरकला. नलिनी फाटकापाशी पोचली तेव्हा मागून आवाज आला, "लवकर येजो. कापूस पिंजून ठेवला हाये. वाती वळून देजो मले, माह्या डोळ्याले आता दिसत नाई."

"दिवा?"

"दिवा मी लावीन. तू वाती वळ."

प्रयोगशाळेत उजेड बेताचाच होता. नलिनीनं टाकीचं झाकण काढलं. काचेवर, पानांवर गोगलगायी पसरलेल्या होत्या. काहींनी काकडीच्या फोडीला अजून तोंड लावलेलं होतं. जी खाते आहे तिला उचलू नये असं तिला वाटलं, आणि मग असंही वाटलं, की असं वेचून घेतलं तर मोजमापात पुन्हा आपलाच नेम शिरेल. तिनं डोळे मिटले, आत हात घातला, रामाचं नाव घेतलं आणि जी हाती लागली ती उचलली. बोट लागल्याबरोबर गोगलगायीनं शिंगं आत ओढून घेतली. ओल्या फडक्यावर ठेवल्यावर काही वेळानं ती पुन्हा बाहेर आली.

सगळ्या भरून झाल्यावर तिनं डब्यावर वेळ लिहिली, हात धुतले आणि वाती वळायला घरी निघाली.